मुंबईच्या गच्चीवरून स्पेस स्टेशन कधी दिसेल, ते आपलं आपण काढायचं (पायथॉन वापरून, अगदी पहिल्यापासून)

२५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला उडाले आणि १४ जुलैपर्यंत स्पेस स्टेशनवर होते, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदाच विचारलं की अरे ते स्टेशन आपल्याला इथून दिसतं का. दिसतं, नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दादरहून पण दिसतं, दुर्बीण वगैरे काही लागत नाही. तेव्हा नेमका पावसाळा होता म्हणून मुंबईकरांना ढगांशिवाय काही बघायला मिळालं नाही ती गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतोय, अॅप टाकून नोटिफिकेशनची वाट बघू नका, तीस-चाळीस ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहा आणि वेळ स्वतः काढा. त्यासाठी लागणारे आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, फुकट आहेत. आणि आपण काढलेल्या वेळेला आपण सांगितलेल्या दिशेला तो ठिपका खरंच उगवतो ना, तेव्हा फिजिक्स आणि प्रोग्रामिंग दोन्ही एकदम आपलं वाटायला लागतं. ते अॅपमधून नाही मिळत.

पायथॉनचं जुजबी ज्ञान पुरे, म्हणजे लूप, इफ, लिस्ट एवढं येत असेल तर झालं. लॅपटॉप नसला तरी चालेल, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, तिथे सगळं होतं.

आधी हे समजून घ्या की दिसतं कशामुळे

कोड लिहायच्या आधी हा भाग डोक्यात पक्का बसवा, कारण पुढचा अर्धा प्रोग्राम यावरच आहे. स्टेशनला स्वतःचा असा प्रकाश नाही जो आपल्याला दिसेल, त्याच्यावर पडलेलं ऊन आपण बघतो. म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: स्टेशन आपल्या क्षितिजाच्या वर पाहिजे, त्याच्यावर ऊन पाहिजे, आणि आपल्याकडे अंधार पाहिजे. दुपारी डोक्यावरून गेलं तरी उपयोग नाही, रात्री बारा वाजता गेलं तरी मुंबईहून दिसणार नाही कारण तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत असतं.

मग नेमका वेळ किती मिळतो? ते कागदावर काढता येतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की बरोबर आपल्या डोक्यावर पृथ्वीची सावली साधारण ३३० किलोमीटर उंचीपर्यंत चढलेली असते, २० अंश गेला की ४१० किलोमीटरच्या आसपास. स्टेशन ४१५-४२० किलोमीटरवरून फिरतं, म्हणजे सूर्य २० अंश खाली जाईपर्यंत डोक्यावरच्या स्टेशनवर ऊन असतं. मुंबईत सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली जातो, म्हणजे सूर्यास्तानंतर जवळजवळ दीड तास. सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं आकाश उजळच असतं ती सोडा, मग हातात राहतो साधारण एक तास. पहाटे सूर्योदयाच्या आधी तसाच दुसरा तास. बस, एवढीच खिडकी, आणि त्यातही ढग नकोत.

आकडे कुठून आणायचे

सेलेस्ट्रॅक म्हणून साइट आहे, टी. एस. केल्सो १९८५ पासून चालवतायत. तिथे हजारो उपग्रहांच्या कक्षांचे आकडे मिळतात. स्पेस स्टेशनचा कॅटलॉग नंबर २५५४४, हा पाठ करून ठेवा. तो टाकला की एक नावाची ओळ आणि खाली ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळी येतात, त्याला टीएलई म्हणतात. पहिल्यांदा बघितलं की काहीतरी बिघडलेला प्रिंटआउट वाटतो, पण प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली आहे.

पहिल्या ओळीत २५५४४ च्या पुढे ९८०६७ए असं दिसेल. ९८ म्हणजे १९९८ साल, ०६७ म्हणजे त्या वर्षातलं ६७ वं प्रक्षेपण, ए म्हणजे त्यातली पहिली वस्तू. ती वस्तू म्हणजे झार्या, स्टेशनचा पहिला तुकडा, २० नोव्हेंबर १९९८ ला गेलेला. म्हणजे तुम्ही कॉपी-पेस्ट करताय त्या ओळीत स्टेशनचा जन्म लिहिलेला आहे, मला ही गोष्ट फार आवडते. त्याच्यापुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस, तोही दशांशात. हे आकडे नेमक्या कुठल्या क्षणाचे आहेत ते यावरून कळतं.

दुसऱ्या ओळीत कक्षेचा आकार आणि कल आहे. ५१.६ च्या आसपासचा आकडा म्हणजे विषुववृत्ताशी कक्षेचा कोन. मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणजे स्टेशन ५१.६ उत्तर ते ५१.६ दक्षिण अशा ज्या पट्ट्यावरून फिरतं त्यात आपण आरामात येतो. मध्ये एक सात आकडी संख्या शून्यांनी सुरू होते, तिच्याआधी दशांशचिन्ह आहे असं समजायचं, छापलेलं नसतं. कक्षा किती लंबगोल आहे ते ती सांगते, आणि शून्यं बघून कळतंच की जवळजवळ गोलच आहे.

शेवटी १५.५ च्या आसपासचा आकडा असतो. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या. इथे थांबा आणि कॅल्क्युलेटर घ्या, कारण या एकाच आकड्यातून स्टेशनची उंची निघते आणि हे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका असं माझं प्रामाणिक मत आहे. १४४० मिनिटांना १५.५ ने भागलं की एका फेरीला ९२.९ मिनिटं. सेकंदाला किती रेडियन फिरतं ते काढा (एक पूर्ण फेरी म्हणजे ६.२८३ रेडियन), ०.००११२७ येईल. त्याचा वर्ग करा, पृथ्वीचा गुरुत्वीय स्थिरांक ३,९८,६०० आहे त्याला या वर्गाने भागा, जे येईल त्याचं घनमूळ घ्या. मधल्या पायरीत आकडा गोल करू नका, नाहीतर एखाददोन किलोमीटर इकडेतिकडे होतं. उत्तर सुमारे ६,७९५ किलोमीटर, हे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ वजा केली की ४१७ किलोमीटर. केप्लरचा तिसरा नियम आपण शाळा-कॉलेजात मार्कांसाठी पाठ केलेला असतो, तोच इथे दिवसाच्या फेऱ्यांवरून उंची काढून देतो. वेगही काढून बघा, सेकंदाला ७.६६ किलोमीटर येईल.

टीएलई दोन-चार दिवसांचा असेल तर मस्त चालतो. तेवढ्या उंचीवरही थोडी हवा असते, तिच्यामुळे स्टेशन हळूहळू खाली येत राहतं, मग अधूनमधून इंजिनं चालवून वर ढकलतात, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचा टीएलई वापरला तर वेळ मिनिटांमध्ये चुकू शकते. पण म्हणून प्रोग्राम चालवला की प्रत्येक वेळी साइटवरून डाउनलोड असंही करू नका. फाइल सेव्ह करा, ती एक दिवसापेक्षा जुनी असेल तरच नवी आणा. सगळ्या जगासाठी फुकट चालणारी सेवा आहे, तिच्यावर फुकटचा लोड नको.

प्रोग्राम

लायब्ररी वापरायची स्कायफील्ड. पिप इन्स्टॉल स्कायफील्ड, कोलॅबमध्ये याच्याच आधी एक उद्गारचिन्ह. टीएलईच्या आकड्यांवरून जागा काढायचं गणित एसजीपी४ नावाच्या मॉडेलने होतं, ते आतमध्ये तयार आहे, आपल्याला लिहायला लागत नाही.

सोबत डीई४२१ ही फाइल लागेल, नासाच्या जेपीएलची, साधारण १७ एमबी, पहिल्यांदा मागितली की लायब्ररी आपणहून उतरवते. सूर्य कधी कुठे आहे ते यातून कळतं आणि ते कळल्याशिवाय सावलीचा हिशोब होत नाही.

आता स्वतःची जागा सांगा. दादरसाठी अक्षांश १९.०२ आणि रेखांश ७२.८४, बोरिवलीसाठी १९.२३ आणि ७२.८६, बाकीच्यांनी मॅपवर आपल्या बिल्डिंगवर बोट दाबून ठेवा, येतो आकडा. दादर आणि बोरिवलीत वेळेचा फरक जेमतेम तीनेक सेकंदांचा पडतो, त्यामुळे शंभर मीटर इकडेतिकडे झालं म्हणून डोकं धरू नका. क्रम मात्र सांभाळा, अक्षांश आधी. उलटं लिहिलंत तर तुम्ही नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन बसता, तिथे हे स्टेशन कधी क्षितिजावर येतच नाही. म्हणून यादी संपूर्ण रिकामी आली, एकही वेळ नाही, तर पहिला संशय याच्यावर घ्या.

दुसरी जागा जिथे नवीन माणूस हमखास अडकतो ती म्हणजे टाइमझोन. खगोलशास्त्राचं सगळं गणित यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे. पायथॉनमध्ये झोनइन्फो म्हणून मॉड्यूल आहे, त्यात एशिया/कोलकाता द्या, यादीत मुंबई शोधत बसू नका, नाहीये. आणि "आत्ता किती वाजले" हे विचारतानाही झोन सांगूनच विचारा. कारण तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ भारतातलं असतं पण कोलॅबचा सर्व्हर यूटीसीवर चालतो, त्यामुळे तोच कोड घरी बरोबर वेळ देतो आणि कोलॅबवर साडेपाच तास आधीची, आणि माणूस रात्रभर कक्षेच्या गणितात चूक शोधत बसतो, जिथे काही चुकलेलंच नसतं.

आता मुख्य काम. उपग्रहाच्या ऑब्जेक्टवर फाइंड इव्हेंट्स म्हणून फंक्शन आहे, त्याला तुमची जागा, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि किमान उंचीचा कोन द्यायचा. पुस्तकी सवयीने सगळे दहा अंश देतात. मुंबईत दहा अंशांवर समोरच्या टॉवरचा सातवा मजला असतो. सरळ २५ द्या. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे क्षितिजापासून अडीच मुठी वर. याने चांगल्यातला चांगला पासही (पास म्हणजे स्टेशनचं आपल्या आकाशातून एकदा जाणं) साडेसहा मिनिटांवरून साडेतीन मिनिटांवर येतो, पण ती साडेतीन मिनिटं खरंच दिसणारी असतात.

फंक्शन तुम्हाला वेळांची एक यादी आणि सोबत ०, १, २ अशा खुणांची यादी देतं. ० म्हणजे २५ अंशांच्या वर आलं, १ म्हणजे सगळ्यात उंच, २ म्हणजे परत खाली गेलं. इथे बरेच जण यादीचे तीन-तीनचे गट पाडून मोकळे होतात. तसं करू नका. तुम्ही दिलेली सुरुवातीची वेळ नेमकी पास चालू असताना पडली तर यादी १ किंवा २ ने सुरू होते आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. ० आला की नवा पास उघडायचा, २ आला की बंद करायचा, असं लूपमध्ये लिहा.

दहा दिवसांची यादी काढलीत की बरेच पास येतील, दुपारचे, मध्यरात्रीचे सगळे. आता गाळणी. सर्वोच्च बिंदूच्या वेळी दोन प्रश्न विचारायचे: सूर्य क्षितिजाखाली निदान ६ अंश आहे का, आणि इज सनलिट हे फंक्शन स्टेशनवर ऊन आहे म्हणतंय का. दोन्ही हो असेल तरच ठेवा. यादी एकदम आक्रसते आणि कधीकधी दहा दिवसांत काहीच उरत नाही, तरी घाबरू नका, प्रोग्राम बरोबर आहे. स्टेशनच्या कक्षेचं प्रतल (ज्या सपाटीत ते फिरतं ती) रोज साधारण पाच अंश मागे सरकतं आणि सूर्य एक अंश पुढे, मिळून सहा, म्हणजे पासच्या वेळा सरासरी रोज २४ मिनिटं अलीकडे येत जातात. साठेक दिवसांचं चक्र होतं, त्यात काही दिवस संध्याकाळचे, काही पहाटेचे आणि मधले कोरडे.

दिशा अंशात छापू नका, २१७ अंश म्हटलं तर गच्चीवर कोणी कुठे बघायचं? उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य अशी आठ नावांची लिस्ट करा, अंशात २२.५ मिळवा, ४५ ने भागून पूर्णांक घ्या आणि ८ ने भागल्यावर उरलेली बाकी हा लिस्टमधला क्रमांक. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, म्हणजे 'दिशा' आणि 'उंची' असंच लिहू शकता, कोडमधले आकडे तेवढे इंग्रजी ठेवा. मी शाळेतल्या पोरांना शिकवताना असंच लिहितो, त्यांना फार लवकर समजतं.

विझण्याची वेळ काढा, ही पायरी सोडू नका

बहुतेक लोक इथपर्यंत येऊन थांबतात, पण माझ्या मते खरी मजा पुढे आहे. पासच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत दर दहा सेकंदांनी इज सनलिट विचारत जा. संध्याकाळच्या पासमध्ये बरेचदा असं होतं की उत्तर मध्येच हो वरून नाही होतं. तो क्षण म्हणजे स्टेशन पृथ्वीच्या सावलीत शिरलं. ती वेळ आणि त्या वेळची दिशा आणि उंचीही छापा.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी सोबत सोसायटीतली पोरं होती, त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की नैऋत्येकडून येईल, वर चढेल आणि ईशान्येला त्या उंच बिल्डिंगच्या जरा वर गेल्यावर विझेल. आलं. शुक्रासारखं झगझगीत, अजिबात न लुकलुकता, विमानापेक्षा शांत चालीने. एकजण मोबाइलवर सेकंद मोजत होता. सांगितलेल्या वेळेच्या जरा आधी तो ठिपका पिवळट झाला, मग तांबूस, आणि मोकळ्या आकाशात, मध्ये ढग नाही काही नाही, दिसेनासा झाला. तांबूस का, तर त्या सेकंदांत स्टेशनवरून सूर्यास्त होत असतो, वातावरणातून गाळून आलेला प्रकाश त्याच्यावर पडतो. पोरं एकदम गप्प झाली आणि मग सगळ्यांचे प्रश्न एकदम सुरू. पृथ्वीची सावली अशी प्रत्यक्ष दाखवायचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

जागा आणि हवा

समुद्राकडची बाजू मोकळी असते म्हणून मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, जुहू, बँडस्टँड सगळे पश्चिमेसाठी चांगले. पण लक्षात घ्या, विझणं संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला होतं, त्यामुळे पाठीमागे बिल्डिंगची भिंत असेल तर ते हुकतं. गच्ची सगळ्यात बरी, फक्त किल्ली सेक्रेटरीकडून दुपारीच मागून ठेवा, ऐन वेळी ते देवळात गेलेले असतात. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहा म्हणजे रस्त्याचे एलईडी डोळ्यांत येत नाहीत.

जून ते सप्टेंबर विसरा, त्या दिवसांत कोड लिहून ठेवा. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या स्वच्छ रात्री मुंबईत सर्वात छान. थंडीत आकाश निरभ्र असतं पण धुरकट, खालचे वीस अंश धुक्यात जातात, म्हणून पण २५ ची मर्यादा कामाची. याहून अंधार पाहिजे असेल तर कर्जतच्या लाइनवर वांगणी आहे, मुंबईतले आकाशवेडे वर्षानुवर्षं तिथे जातात.

विमानांचं सांगतो, कारण घाटकोपर-कुर्ल्याकडच्यांचा गोंधळ इथेच होतो. उतरायला रांगेत असलेल्या विमानाचा लँडिंग लाइट समोरून स्थिर आणि प्रखर दिसतो, अगदी स्टेशनसारखा. अर्धा मिनिट थांबा, बाजूला वळलं की लाल-हिरवे आणि लुकलुकणारे दिवे दिसतातच. स्टेशन कधीही लुकलुकत नाही.

आणि अंतराचं एक. दहा अंशांवर असताना स्टेशन आपल्यापासून जवळजवळ १,५०० किलोमीटर लांब असतं. वायव्येला उगवणारं स्टेशन त्या क्षणी बलुचिस्तानावर असतं, आग्नेयेला मावळताना श्रीलंकेच्या आसपास. मधलं सगळं अंतर साडेसहा मिनिटांत. प्रोग्राममध्ये सबपॉइंट म्हणून सोय आहे, स्टेशन कुठल्या जागेवर आहे ते दर मिनिटाला छापून बाजूला नकाशा उघडून बघा, घरातल्या लहानांना हे दाखवाच.

ताडून बघा

आपला अंदाज किती चुकला हे लिहून ठेवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लावलेलं ठेवा. स्टेशन एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून जाईल तो क्षण नोंदवा, थंडीत मृग, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय असे चिकार तारे मुंबईतूनही दिसतात. मग प्रोग्रामला विचारा की त्या सेकंदाला दिशा आणि उंची किती होती. टीएलई ताजा असेल तर फरक एक-दोन सेकंदांचा, आणि तोही बहुतेक तुमच्या बोटाचा. आता मुद्दाम आठवड्यापूर्वीची, मग महिन्यापूर्वीची सेव्ह केलेली फाइल लावून तीच वेळ काढा. फरक कसा वाढत जातो ते स्वतःच्या आकड्यांत दिसेल, आणि त्या वरच्या विरळ हवेचा परिणाम आपण घरात बसून मोजलेला असेल.

फोटोसाठी मोबाइल कशाला तरी टेकवून नाइट मोड लावा, रेघ येते. आकार दिसायची अपेक्षा नको, १०९ मीटरची वस्तू डोक्यावर असतानाही जेमतेम गुरूच्या बिंबाएवढी असते.

एकदा हे चाललं की फक्त नंबर बदला. चीनच्या तिआनगोंगसाठी ४८२७४. हबल दुर्बिणीसाठी २०५८०, तिच्या कक्षेचा कल फक्त २८.५ अंश आहे म्हणून लंडनच्या माणसाला ती दिसतच नाही आणि आपल्याला मात्र डोक्यावरून जाते. ती स्टेशनपेक्षा बरीच मंद असते, तेव्हा तिच्यासाठी सूर्य ६ ऐवजी १२ अंश खाली अशी अट घाला आणि मर्यादा २५ वरून ४० करा, नाहीतर मुंबईच्या उजेडात सापडणार नाही.